यादीतला त्रेचाळिसावा

रबराची ती कडी बोटात घातली तर पहिल्या पेरापर्यंतच जात होती, पुढे अडत होती – आणि अडली तिथे कातडीवर काळसर वळ ठेवत होती. खरेदी विभागातले कुणीतरी नमुना म्हणून तिच्या टेबलावर ठेवून विसरले असावे. कंपनीच्या पंपांत बसणारी, साधी, चिमटीत मावणारी कडी. ती कुणाच्या कारखान्यातली हे विचारायची गरज नव्हती. रबराचा हा वास दादाच्या शर्टाला यायचा, त्याआधी वडिलांच्या... वहिनी तर म्हणते, या माणसाला जत्रेत हरवू द्या, मी नाकाने शोधून आणीन.

समोर पडद्यावर पुरवठादारांची यादी होती. वर्षाच्या बिलांप्रमाणे लावलेली, मोठा वर, लहान खाली, आणि चाळिसाव्या नावाखाली एक लाल रेघ. कंपनीची कोषप्रमुख म्हणून ती रेघ तिनेच ओढली होती. पुढच्या महिन्यापासून कंपनी बिलाचे पैसे पंचेचाळीस दिवसांनी नव्हे, एकशेवीस दिवसांनी देणार. रेघेच्या वरच्यांना घोर नाही; माल पास झाला की दहाव्या दिवशी बँक थोडे व्याज कापून त्यांचे पैसे मोकळे करणार, आणि कंपनी ते सवडीने बँकेला फेडणार. रेघेखालच्यांनी चार महिने थांबायचे. खालच्यांना कंपनीनेच थोडी सूट घेऊन लवकर पैसे द्यावेत, असाही एक मार्ग तिने मांडून पाहिला होता; पण अर्थसंचालक म्हणाले, आपली रोख हलवायची नाही, आणि पुढच्या पानावर गेले.

दादा त्रेचाळिसावा होता.

दोन आठवड्यांपूर्वी बँकेचा अधिकारी याच खोलीत पाय पसरून बसला होता. "चाळीस घेऊ की पन्नास, मॅडम? आम्हाला दोन्ही चालेल. तुम्ही म्हणाल तसं." पन्नास म्हणायला काय लागते? – पण पन्नासात त्रेचाळीस आला असता, आणि तो आला असता तर जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी दात कोरत म्हणालेच असते, बाईंनी भावाची सोय लावली. नात्याचा कागद तिने नोकरीच्या पहिल्या दिवशी भरून दिला होता. भावाच्या बिलाला वीस वर्षांत बोट लावले नव्हते. एवढा जपलेला सोवळेपणा... ती म्हणाली, "चाळीस." इतक्या चटकन म्हणाली, की बँकवाल्यानेच मान वर केली. एका भावाला बाजूला ठेवण्यासाठी आणखी नऊजण रेघेखाली घसरले, हे तिच्या नंतर लक्षात आले. खरे तर तेव्हाच आले होते. नंतर आले, असे ती स्वतःला सांगत होती.

अकरा वाजता पुरवठादारांची सभा झाली. तिने सगळे नीट समजावले, तिला ते चांगले जमते. मागून दुसऱ्या रांगेत दादा बसला होता, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल, परीक्षेला आल्यासारखा. प्रश्नांची वेळ झाली तसा तो उठला.

"मॅडम," तो म्हणाला. घरी तो तिला ठमे म्हणतो, पन्नाशीतही. "एक विचारायचं होतं. हा चाळीसचा आकडा बँकेचा, की आपल्या कंपनीचा?"

निम्मे लोक फोनमध्ये डोके घालून होते. पण खरेदीप्रमुख तिच्याकडे पाहत होता, आणि दादा पाहत होता. खरे उत्तर ओठांवर आले होते, अगदी तयार.

"बँकेचा," ती म्हणाली. "त्यांची मर्यादा असते."

"बरं," म्हणून तो बसला, आणि शेजारच्याला हळू आवाजात समजावू लागला, बहुधा बँकांचे असेच असते म्हणून.

चहाच्या वेळी तो जवळ आला. आधी आजूबाजूला पाहून घेतले, हातभर अंतर राखले. हा नियम त्याने तिच्याकडूनच उचलला होता.

"तू भांडली असशील त्यांच्याशी."

"दादा, ऐक ना –"

"अगं, मला माहीत आहे ना तुझा स्वभाव. जाऊ दे. माझ्यापायी तुझ्या नोकरीला बट्टा नको. दोन माणसं कमी करतो, मोठं मशीन काढून टाकतो. एवढ्यावर निभलं तर निभलं." मग थांबून म्हणाला, "तुझ्या वहिनीला आज फोन करू नकोस. तुझ्या आवाजावरून ओळखेल ती."

तिला रडू आले नाही. यावे असे फार वाटले, पण नाही आले.

यादी पाच वाजता बँकेकडे जायची होती, आणि आता साडेचार झाले होते. चाळीसचे पन्नास करायला एक फोन पुरे. कारखाना तगेल, नऊजण तगतील... आणि आकडा एका फोनवर बदलला म्हटल्यावर उद्या दादाला कळेल की तो कुणाचा होता. लोक बोलतील याचे तिला आज, वीस वर्षांत पहिल्यांदाच, काही वाटत नव्हते. वाटत होते ते त्या एका वाक्याचे – तू भांडली असशील. ते तिला आवडले होते. लाज वाटावी इतके आवडले होते. कप हातात असताना क्षणभर तिला खरेच वाटून गेले होते की आपण भांडलो. तिने फोन जवळ ओढला, क्रमांक समोर काढून ठेवला, आणि बसून राहिली. बँकवाल्याला आपण त्या दिवशी काय काय सुनावले होते ते ती आठवू लागली, एकेक वाक्य, चढ्या आवाजातले – आणि ते तिला आठवतही होते.