खिडकीतून दिसलेला कॉम्प्युटर

“घरात कोणती वस्तू यावी हे गरजेनं ठरवायचं असतं, शेजाऱ्यानं नव्हे. माणूस हे विसरला आणि तिथून त्याच्या ऱ्हासाला सुरुवात झाली,” असं अबुंदियो सार्मिएन्तोनं जाहीर केलं, तेव्हा तो अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर उभा राहून शेजाऱ्याच्या खिडकीत पाहत होता. खुर्ची त्याची बायको लिओन्सिया धरून होती. मानवजातीच्या ऱ्हासाचं तिला विशेष काही वाटलं नाही. खुर्चीचा मागचा पाय तडकलेला होता, तिचा जीव तिथं गुंतला होता.

“दिसलं का काय ते?” तिनं विचारलं.

“मी बघतच नाहीये,” अबुंदियो म्हणाला. “तीन पंखे आहेत. तिन्ही पेटतात.”

शेजारी होता प्रिमितिव्हो, बंदरावरच्या जकात कचेरीतून निवृत्त झालेला. मारिकिनाच्या त्या गल्लीत दोघांची घरं समोरासमोर, मध्ये एक तिचाकी जेमतेम जाईल एवढी वाट. अबुंदियोच्या एकुलत्या एक मुलीच्या, रोवेनाच्या, बाप्तिस्म्याला प्रिमितिव्होच धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. म्हणजे तो तिचा निनोंग, आणि अबुंदियोचा पारे. आता सख्ख्या भावाशी माणूस जमिनीवरून भांडू शकतो, मेहुण्याशी तर कारणाशिवायही भांडू शकतो, पण पारेशी भांडायची सोय त्या गल्लीत नाही. त्याचा हेवा करायचा तर हसतमुखानं करावा लागतो, आणि त्यानं जबडा फार दुखतो.

प्रिमितिव्होला त्याच्या दुबईतल्या मुलांनी कॉम्प्युटर घेऊन दिला होता. संध्याकाळ झाली की त्याच्या खिडकीत आधी जांभळा, मग हिरवा, मग निळा उजेड खेळायचा. येणारेजाणारे थबकायचे. अबुंदियोच्या घरात त्या वेळी एक पांढरी ट्यूब लागलेली असायची आणि तीही लागण्याआधी बराच विचार करायची.

पण खरं दुखणं उजेडाचं नव्हतं. खरं दुखणं होतं रविवारचं.

रोवेना हाँगकाँगला एका कुटुंबाचं घर सांभाळायची. तिला सुटी रविवारी. लिओन्सियाच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, दुसऱ्याचा पिकायचा होता. फोनवर मुलीचा चेहरा तिला तांदळाच्या दाण्याएवढा दिसायचा आणि तोही शिजलेल्या. म्हणून प्रिमितिव्होनं आपण होऊन सांगितलं की मारे (पारेची बायको ती मारे), माझा पडदा मोठा आहे, इथं येऊन बोल. तेव्हापासून लिओन्सिया दर रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की केळीच्या पानावर गोड चिकट भात घेऊन समोर जायची ती दुपारी परतायची.

पहिल्या रविवारी अबुंदियोला एका मयताला जावं लागलं. परत आला तेव्हा बायको डोळे पुसत हसत होती. निनोंगनं काहीतरी विनोद केला होता आणि रोवेना इतकी हसली, इतकी हसली की तिकडच्या मैत्रिणी विचारायला आल्या काय झालं. कोणता विनोद, असं अबुंदियोनं विचारलं. लिओन्सियानं सांगायला तोंड उघडलं आणि तिला पुन्हा हसू फुटलं. तो विनोद अबुंदियोला आजतागायत कळलेला नाही.

त्यानंतर दर रविवारी त्याचा गुडघा दुखू लागला. लिओन्सिया म्हणायची चल, तो म्हणायचा गुडघा. मग तो आपल्या ओसरीवर बसून समोरचं हसणं ऐकायचा. बायकोचं, प्रिमितिव्होचं खोकल्यात संपणारं, आणि मुलीचं, स्पीकरमधून येणारं बारीक. तिन्ही त्याला वेगवेगळी ओळखता यायची. शाळेच्या प्रत्येक वर्षी मुलीच्या पायात त्यानं स्वतःच्या हातानं शिवलेला बूट घातला होता. बुटावर ती खूश व्हायची, पण एवढी हसल्याचं त्याला काही आठवत नव्हतं.

रविवार घरी परत आणायचा, एवढंच त्याला हवं होतं. आणि त्यासाठी कॉम्प्युटर लागत होता.

अबुंदियो उभं आयुष्य बूट शिवत आला. आधी पायाचं माप, मग चामडं, पॉलिश सगळ्यात शेवटी, हे तो गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगायचा की काही गिऱ्हाइकं त्या भीतीनं दुसरीकडे जायची. त्याच शहाणपणानं तो केझोन सिटीतल्या गिलमोरला गेला. तिथं रस्ताभर कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची दुकानं खांद्याला खांदा लावून उभी असतात. रिवाज असा की एकेका दुकानातून भावाचा छापील कागद घ्यायचा, “फिरून येतो” म्हणायचं, सगळी दुकानं पालथी घालायची आणि पाय बोलू लागले की पहिल्याच दुकानात परत यायचं. अबुंदियोनं हे सगळं यथासांग केलं. परत आला तेव्हा त्याच्याजवळ इतके कागद होते की तो त्यांनीच वारा घेत होता.

दुकानातल्या मुलीचं नाव जोसेल. तिनं विचारलं, “कशासाठी वापरणार, सर?”

मुलीला तिच्या धर्मबापापासून सोडवायला, असं काउंटरवर सांगता येत नाही. “सर्वसाधारण वापर,” अबुंदियो म्हणाला.

मग सर्वसाधारण भाग घ्या, असं जोसेलनं समजावलं. साधा प्रोसेसर, ज्याच्या पोटातच चित्राची सोय आहे; बेताची मेमरी; लहानशी पण चपळ डिस्क; नावाजलेला वीजपुरवठा; वापरलेला पण स्वच्छ मोठा पडदा; काळा पत्र्याचा डबा; आणि कॅमेरा. अबुंदियोला प्रत्येक गोष्ट लगेच उमगली. मदरबोर्ड म्हणजे साचा, बाकी सगळं त्याच्यावर बसणार. प्रोसेसर म्हणजे तळ, तिथं कंजुषी केली की पाय भोगतो. मेमरी म्हणजे बोटांना लागणारी जागा. जोसेलला इतकं समजदार गिऱ्हाईक पूर्वी मिळालं नव्हतं. तिनं शेजारच्या काउंटरवरच्या मुलीलाही ऐकायला बोलावलं.

“आणि लाइट?” अबुंदियोनं विचारलं.

“लाइट काही काम करत नाहीत, सर.”

“करत कसे नाहीत? समोरचे माझी झोप उडवतात.”

तिथून माप सुटलं आणि पॉलिश सुरू झालं. पत्र्याचा डबा गेला, काचेचा आला. प्रिमितिव्होकडे तीन पंखे होते म्हणून इथं चार आले, आणि चौघेही रंग बदलणारे. खिसा मात्र तेवढाच होता. तेव्हा आधी नावाजलेला वीजपुरवठा जाऊन नाव न घेण्यासारखा आला. मेमरी निम्मी झाली. तरीही चौथा पंखा बाहेरच राहत होता. अबुंदियोनं पुन्हा एकदा सगळ्या भागांवरून नजर फिरवली.

“तो कॅमेरा काढा.”

“घरी आहे का, सर?”

“आहे,” तो म्हणाला.

खोटं बोलला नाही तो. त्याच्या फोनच्या पडद्यात कॅमेरा होता, बायकोच्या फोनच्या पडद्यात होता; आता एवढ्याशा पडद्यात असतो तर एवढ्या मोठ्या पडद्यात नसेल का? प्रिमितिव्होच्या कॉम्प्युटरवर तो वेगळा लावलेला असतो, हे बघायला एक तरी रविवार गुडघा बरा व्हायला हवा होता. त्यानं तो कॉम्प्युटर पाहिला होता तो खिडकीतून, खुर्चीवरून, आणि तिथून फक्त लाइट दिसतात. तेवढे त्यानं बिनचूक आणले. शेवटी भाव उतरत नाही म्हटल्यावर, रिवाजाप्रमाणे काहीतरी फुकट मागितलं आणि जोसेलनं माउसखाली घालायचं रबर दिलं. त्यावर ड्रॅगन होता.

तिचाकीतून कॉम्प्युटर आला. अबुंदियोचं घर गल्लीच्या तोंडाशीच. पण तिचाकीवाल्याला त्यानं गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन, वळवून परत आणायला लावलं. वाटेत खड्डा आहे का बघायचा होता, असं लिओन्सियाला सांगितलं.

कॉम्प्युटर खिडकीपाशी मांडला गेला. काचेची बाजू गल्लीकडे, पत्र्याची घराकडे. संध्याकाळी चारही पंखे पेटले तेव्हा सगळी गल्ली उजळली आणि घरातल्या माणसांना कोरा काळा पत्रा दिसत राहिला. लिओन्सिया त्या पत्र्याकडे बघून म्हणाली, “छान आहे. शेगडीच्या मागे लावायला असाच हवा होता.”

अबुंदियोचं लक्ष समोर होतं. प्रिमितिव्हो दारात आला. हातातला कप तसाच. बराच वेळ बघत राहिला.

“छान आहे, पारे,” तो म्हणाला.

“साधाच आहे, पारे. सर्वसाधारण वापराचा,” अबुंदियो म्हणाला, आणि अनेक महिन्यांनी त्याचा जबडा दुखला नाही.

“म्हणजे आता रोवेना...”

“आता इथंच. तुला उगीच दर रविवारी त्रास.”

“त्रास कसला,” प्रिमितिव्हो म्हणाला आणि आत गेला. त्या संध्याकाळी त्याच्या खिडकीतला उजेड लवकर मालवला. अबुंदियोनं त्याचा अर्थ शरणागती असा लावला.

नवी वस्तू, मग ती जीप असो की शिलाई मशीन, पाद्रीबाबांकडून पवित्र पाणी शिंपडून घेतल्याशिवाय त्या घरात वापरत नसत. रविवारी फादर आले. प्रिमितिव्होला बोलावणं भाग होतं. मुलीसाठी घेतलेल्या वस्तूच्या आशीर्वादाला तिचा निनोंग नाही म्हणजे गल्लीत विचारपूस सुरू. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि मेणबत्ती त्याच्याच हातात दिली गेली. लिओन्सियानं शेवया शिजवल्या होत्या. पाणी आणि वीज यांचं पटत नाही हे तिला ठाऊक असल्यामुळे तिनं कॉम्प्युटरला अबुंदियोचा पारदर्शक रेनकोट घातला होता, टोपीसकट. पाहुण्यांना लाइट दिसावेत म्हणून अबुंदियोनं काचेची बाजू आजच्यापुरती घराकडे वळवली होती; आतून रंग बदलत होते. समुद्रात बुडून चमत्कारानं वर आलेल्या संतासारखा तो दिसत होता.

“कशासाठी वापरणार?” फादरनं विचारलं.

दुकानातल्या मुलीला फसवता येतं. “रोवेनासाठी,” अबुंदियो म्हणाला.

फादरनं पाणी शिंपडलं आणि प्रार्थना केली की या घरात प्रेम नांदो, संवाद नांदो, आणि कुणाच्याही मनात शेजाऱ्याविषयी हेवा न येवो. सर्वांत मोठ्यानं आमेन अबुंदियो म्हणाला.

मग फादर शेवयांकडे वळले, रेनकोट निघाला आणि फोन लागला. पडदाभर रोवेना आली. लिओन्सियाच्या चांगल्या डोळ्याला तिच्या हनुवटीवरचा तीळसुद्धा दिसला. तिनं काचेवर बोट ठेवून तो पुसल्यासारखा केला. अबुंदियोनं खिशातून कंगवा काढला, केस बसवले, ठेवणीतल्या बारोंग शर्टाची इस्त्री सारखी केली, पडद्याच्या बरोबर मध्यभागी बसला आणि पडद्याच्या वरच्या कडेकडे बघून हसला.

“ताय? नाय?” रोवेना बाप आणि आई दोघांना हाका मारत म्हणत होती. “काहीच दिसत नाहीये. नुसता काळोख आहे.”

अबुंदियो आणखी जवळ सरकून हसला. मग कडेच्या डाव्या कोपऱ्याकडे बघून हसला, मग उजव्या.

“पारे,” प्रिमितिव्होनं हळूच विचारलं, “कॅमेरा कुठाय?”

“आतच असणार.”

सभ्य माणसं अशा वेळी दुसरीकडे बघतात, आणि बघण्यासारखे तिथं चार पंखे होते. ते लाल झाले. मग पिवळे झाले. फादरनं स्वतःहून आणखी शेवया वाढून घेतल्या.

प्रिमितिव्होनं मेणबत्ती खाली ठेवली आणि तो बाहेर पडला. आता हा आपल्या दारात उभा राहून म्हणणार, चला सगळे माझ्याकडे, हे अबुंदियोला स्वच्छ ऐकू येत होतं. लिओन्सिया शेवया उचलेल. फादरसुद्धा जातील. आपण इथं ड्रॅगनवर हात ठेवून बसू. गुडघा, अबुंदियोनं मनाशी जुळवून ठेवलं. एकदम कळ आली म्हणायचं.

प्रिमितिव्हो परत आला. त्याच्या मुठीत एक लहानसा कॅमेरा होता, वायर लोंबत होती. धूळ बसू नये म्हणून घातलेला रुमाल अजून त्यावरच होता. त्यानं तो पडद्याच्या डोक्यावर चिमटला, वायर खोचली.

“राहू दे इथंच,” तो अबुंदियोकडे न बघता म्हणाला. “मुलांना वेळ नसतो. मला रविवारी दुसरं कोण बोलवतंय.”

अबुंदियोनं खिडकीतून समोर पाहिलं. आज तो उलट्या बाजूनं, खुर्चीवर न चढता बघत होता. पलीकडची खिडकी दिवसाढवळ्याही काळी दिसत होती. काहीतरी बोलायला हवं होतं, पण जबड्याला सवय नव्हती. त्यानं फक्त पायानं एक स्टूल प्रिमितिव्होकडे सरकवलं. अर्थात आपल्या मागे, शेजारी नव्हे.

पडद्याच्या कोपऱ्यात अबुंदियोला स्वतःचा चेहरा दिसला. मध्यभागी, भरघोस, मागच्या भिंतीवर पंख्यांच्या उजेडाची सात रंगांची प्रभावळ. तिकडे रोवेनाचे डोळे मोठे झाले. तिनं तोंडावर हात ठेवला. ओठ हलू लागले. एवढ्या रविवारांचं बोलणं आता एकदम येणार म्हणून अबुंदियो श्वास रोखून बसला.

“ताय,” ती म्हणाली, “जरा बाजूला सरता का? निनोंग दिसत नाहीत.”