बादलीतलं बिस्कीट

वारज्याच्या त्या सोसायटीत शिरताना आधी वास भेटायचा, मग वॉचमन. सडलेला कोबी, कुबट फडकं आणि तुंबलेली मोरी, सगळं एकत्र. रविवारी सकाळी कामरानने गेटपाशी गाडी लावली आणि नाकाला रुमाल धरूनच तो आत गेला. बागेत मात्र लोक मजेत फेऱ्या मारत होते. मंदाकिनीबाई हिरवळीवर चटई टाकून प्राणायाम करत होत्या. या हवेत प्राणायाम!

कोपऱ्यात त्याचे अब्बा गुलाबांना पाइपने पाणी घालत होते. कादरभाईंचं भवानी पेठेत चहापत्तीचं दुकान होतं. चिमूटभर पत्ती डोळे मिटून हुंगायची आणि माल कुठला, किती जुना, ते सांगून टाकायचं, अशी त्या नाकाची ख्याती. दुकान बंद केलं तरी शेजारच्या दुकानाचे रतनशेठ नवा माल आला की पारखायला त्यांनाच बोलवत. वारज्याला फ्लॅट घेताना नुसतं नाव ऐकून कमिटीने बरेच आढेवेढे घेतले होते. आता तीच माणसं त्यांना प्रेमाने चाचा म्हणत होती.

हे प्रेम उतू जायला लागलं ते क्लबहाउसच्या भिंतीवर स्क्रीन लागल्यापासून. सोसायटीचं सांडपाणी तळघरातल्या प्लांटमध्ये साफ होऊन बागेला यायचं. ते किती साफ झालं, हे स्क्रीन सांगायचा. हिरवा म्हणजे स्वच्छ. स्क्रीनला आकडे पुरवणारी तळघरातली पेटी कामरानच्या कंपनीची होती. वासाची कुरकुर ऐकली की चाचा त्या माणसाला हाताला धरून स्क्रीनपुढे उभं करत. "हिरवं दिसतंय ना? माझ्या मुलाने बनवलंय." कुरकुर तिथेच मिटायची.

कामरानने हे सगळं फोनवर ऐकलं होतं. पेटी लागली तेव्हा कंपनीने त्याला बेंगळुरूला धाडलं होतं. तिथून तो परवाच परतला होता.

"अब्बा, हाताला काय झालंय?" मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ होतं.

"ऊन लागलं असेल. आधी तुझं मशीन बघून घे!"

कामरान स्क्रीनपुढे गेला. हिरवी रेघ सरळ चालली होती, मध्येच गतिरोधकासारखा छोटा उंचवटा, मग पुन्हा सरळ. तो बघतच राहिला. हा उंचवटा त्याच्या ओळखीचा होता.

काम सुरू झालं तेव्हा टाकीत बुडवायचे सेन्सर परदेशातून यायचे होते, म्हणून कामरानने एक खोटा सेन्सर लिहिला होता. खोटा म्हणजे नुसता प्रोग्राम. कॉम्प्युटरच्या पोटात कर्नेल नावाचा मुख्य कारभारी बसलेला असतो. तो प्रत्येक यंत्राला ठरावीक प्रश्न विचारतो: जागा आहेस का, आकडा काय, झालं का तुझं. उत्तरं ठरलेल्या पद्धतीने आली की त्याचं समाधान होतं. मागे खरंच यंत्र आहे का, हे बघायला तो उठत नाही. हजेरी घेताना मान वर न करणारे सर आणि दुसऱ्याच्या नावाने 'येस सर' म्हणणारा पोरगा, असा तो मामला. चाचणीपुरता त्यात काही गैर नव्हतं.

खोट्याला सांगायला आकडे हवेत, म्हणून कामरानने उसना सेन्सर आणून ऑफिसात पिण्याच्या पाण्याच्या बादलीत ठेवला होता आणि दिवसभराचे आकडे उतरवून घेतले होते. तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मंतशाच्या हातून चहात बुडवलेलं बिस्कीट तुटून बादलीत पडलं. पाणी जरा गढूळलं, मग निवळलं. सगळे हसले. कामरानने आकड्यांतला तो उंचवटा गंमत म्हणून तसाच ठेवला; खोटा सेन्सर तेच आकडे रोज सांगायचा.

आणि इथे वारज्यात, अख्ख्या सोसायटीच्या मैल्यात, ते बिस्कीट रोज पडत होतं.

त्याने तिथूनच साहेबांना, श्रीनिवासना, फोन लावला.

"अरे, सेन्सर लेट झाले. इंटरफेस सेम आहे ना? वरच्या सॉफ्टवेअरला काही कळतं का? मग कस्टमरला कशाला कळायला पाहिजे?"

"सर, इथे माणसं राहतात."

"ग्रीन दिसतंय ना त्यांना? हात लावलास तर उद्या ऑफिसला येऊ नकोस."

मागे सोसायटीचे चेअरमन रावसाहेब उभे होते. "काय चिरंजीव, झकास मशीन आहे हो तुमचं! विजेचं बिल वाचवायला पाण्यात हवा सोडणाऱ्या मोटरी मी कधीच्या बंद करून ठेवल्यात, तरी हिरवंच!"

कामरानला किळस आली. श्रीनिवासची आली, या माणसाची आली आणि इतक्या हौसेने खोटं बोलायला शिकवलेल्या स्वतःच्या कामाचीही आली. गप्प बसलं तर नोकरी राहणार होती, अब्बांचा मान राहणार होता आणि हातावरचं पुरळही राहणार होतं. तो तळघरात उतरला.

टाकीवर काळा तवंग धरला होता, त्यावर माशा. पेटीतून सेन्सरची वायर लोंबत होती आणि तिच्या टोकाला काहीच नव्हतं. कोळ्याने तिथे जाळं केलं होतं. कामरानने श्वास रोखून लॅपटॉप जोडला, एका ओळीत आपला खोटा सेन्सर कर्नेलमधून काढून टाकला आणि वर आला.

स्क्रीन लाल झाला होता: सेन्सर जोडलेला नाही.

आणि सोसायटीतली नाकं एकदम जागी झाली. रावसाहेबांनी खिशातून रुमाल काढला. मंदाकिनीबाईंनी चटई गुंडाळली. "शी! केवढी घाण येतेय! तरी मी पहिल्यापासून म्हणत होते." त्या काहीही म्हणत नव्हत्या.

"काय हो कादर," रावसाहेब ओरडले, "हेच का तुमच्या मुलाचं मशीन?"

तोंडातला 'चाचा' इतक्यात गळून पडला होता.

कादरभाईंनी नळ बंद केला आणि ते हळूहळू आले. कामरान त्यांच्यापुढे उभा राहिला. "अब्बा, आकडे खोटे होते. मीच लिहिले होते, पण इथे लावायला नव्हे. हे पाणी साफ होतच नव्हतं."

कादरभाईंनी रावसाहेबांकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी आपला ओला तळवा नाकाशी नेला, सवयीने डोळे मिटले आणि बराच वेळ हुंगला.

"म्हणजे वास येतोय तो खराच?"

"हो, अब्बा."

"मला कधीचा येत होता. पण तुझं मशीन हिरवं म्हणायचं." ते तळव्याकडे बघत राहिले. "रतनशेठचा दोनदा निरोप आला होता, पत्ती पारखायला या म्हणून. मी गेलो नाही. म्हटलं, माझं नाक गेलं."