नामाजीमामांनी बसवलेला गिझर

“ताई, ही दिसायला भिंत हाय. आतून डबा हाय, डबा! टाइल लावायच्या आदी मदी लाकूड घालून घ्या. उद्या वजन टांगायचं म्हणलं तर धरणार न्हाई ती.”

नळाचं काम करायला आलेले नामाजीमामा हे सांगत होते तेव्हा राधिकाला आठवा महिना लागला होता. टाइलचा मिस्त्री जिन्यात खोळंबला होता आणि त्या अर्धवट बाथरूममध्ये उभं राहून तिच्या पायांना गोळे आले होते. ती तोडून म्हणाली, “मामा, तुम्ही नळाचं बघा. भिंतीचं आम्ही बघतो.”

मामा पाइपच्या आट्यांवर दोरा गुंडाळत राहिले.

वरच्या मजल्यावर विटांचं ओझं नको म्हणून तिच्या नवऱ्याने, परमेश्वरने, खोलीचा एक कोपरा सिमेंटच्या पातळ बोर्डाने वेगळा केला होता. पत्र्याचे उभे चॅनल, त्यांवर दोन्हीकडून बोर्ड, बाथरूमच्या बाजूने पांढऱ्या टाइल्स. बघणाऱ्याला शंका यायची सोय नव्हती.

लेकरू झालं, नऊ महिन्यांचं झालं. परमेश्वर चाकणच्या कंपनीत, घरी यायचा महिन्यातून दोनदा. हिंगोलीच्या त्या घरात राधिका आणि तिची मुलगी, दोघीच. गॅसवर तापवलेलं आधणाचं भगुणं उचलून बाथरूमपर्यंत नेताना राधिका रोज जीव मुठीत धरून चालायची. मुलगी रांगत नेमकी पायात. शेवटी गिझर घेतला. तो लावायला आलेला माणूस स्क्रूसाठी भोकात ठोकायच्या चार प्लास्टिकच्या गिट्ट्या हातात खुळखुळवत म्हणाला, “कुछ नहीं होता मॅडम.” त्याने गिझर टांगायची जागा दाखवली, आणि बरोबर त्या जागेखाली मुलीचं आंघोळीचं प्लास्टिकचं टोपलं होतं. राधिकाने त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. मग मामांना कामं मिळवून देणाऱ्या हरीशशेठच्या हार्डवेअरच्या दुकानात फोन करून नामाजीमामांना बोलावलं.

मामा आले. साठीचे, काटकुळे, अंगात धुवून विटलेला शर्ट. टोमणा बसणार म्हणून ती मान खाली घालून उभी.

“मंग? भिंतीचं बघितलं का तुमी?” मामा म्हणाले आणि स्वतःच हसले. “जाऊ द्या. टाइल फोडायची न्हाई. पाठीमागून शिरू.”

पाठीमागे बेडरूम होती. तिथे नुसता रंग. मामांनी उलट्या बोटाने भिंत ठोकत ठोकत सरकायला सुरुवात केली. चॅनल कुठे आहे ते आवाजावरून काढायचं.

“चुंबक लावून हुडकणारे लोक हायत. हैदराबादला बावीस वरसं हेच केलं, आपल्याला गरज पडली न्हाई. कानवाला म्हणायचे मला साइटवर. आमचं घर मेंढरांचं, साखरा गावचं. दोनशे मेंढरांतून कोणती खोकली ते मी निजल्या जागी सांगायचो.” मग तिच्या तोंडाकडे बघत म्हणाले, “ताई, हितं कसा येऊन राहिला आवाज? सांगा बरं.”

“पोकळ.”

“अन् हितं?”

“भरीव. टक् असा.”

“बराबर!” त्यांनी पेन्सिलीने खूण केली. राधिकाला गंमत वाटली. परीक्षा घेतायत, शिकलेली बाई आहे म्हणून. दुसरी खूण झाली, तिसरी झाली. सगळ्या तिने सांगितल्या तिथेच.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ती गॅस बंद करायला गेली आणि परतताना दारातूनच तिने विचारलं, “मामा, भिंतीत वायर असेल, मेन स्विच बंद करू का?” मामा पाठमोरे होते. तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा ओरडून विचारलं तेव्हा मुलगी दचकून रडायला लागली. आणि मामा शांतपणे कापायच्या जागेवर पट्टी धरून रेघ ओढत होते.

वळले तेव्हा त्यांनी तिचा चेहरा पाहिला. पेन्सिल कानामागे खोवली, परत काढली.

“उजवा साफ गेला,” ते म्हणाले. “डाव्यानं थोडं कळतंय, त्ये बी समोर असलं तर. मशीनीनं खाल्ले कान.” पट्टी खाली ठेवून म्हणाले, “दुकानात बोलू नका, ताई. हरीशशेठनं नाव घेतलं तरच बलावतेत लोक.”

“नाही बोलणार,” राधिका म्हणाली. मनापासून म्हणाली.

मग त्यांनी दोन चॅनलच्या मधला बोर्ड खिडकीसारखा कापला, आत जाड प्लायची फळी बसवून दोन्ही चॅनलला आवळली, कापलेला तुकडा परत लावून फटी पुट्टीने बुजवल्या. बाथरूममधून माप घेतलं. टाइलवर कागदी टेप चिकटवली, ड्रिल मशीनचा ठोके मारणारा हॅमर बंद केला आणि लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा तशा हळूपणाने भोकं पाडली. एकही टाइल तडकली नाही.

हुक आवळून झाल्यावर ते टोपल्याच्या जागी उभे राहिले. दोन्ही हातांनी हुक धरले आणि पाय वर घेतले. तसेच लोंबकळत राहिले, पोरगं झाडाला लोंबकळतं तसे.

“अहो मामा! पडाल!”

त्यांना ऐकू गेलं नसावं. खाली उतरून म्हणाले, “माझं वजन पंचावन्न. तुमचा गिझर पाण्यासकट तीसच्या आत. आता घाला लेकराला खुशाल आंघोळ.”

मुलगी त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. जाताना त्यांनी तिच्या मुठीत आपलं बोट दिलं आणि ती सोडेपर्यंत थांबले. “माझी पोरगी निजामाबादकडं दिली,” एवढंच बोलले. “घरवाली गेल्यापसून येणं कमी झालं तिचं.”

आठवड्याने राधिका नळाचा वायसर आणायला दुकानात गेली. हरीशशेठने विचारलं, “काय म्हणतंय मामाचं काम?”

“एक नंबर,” ती म्हणाली. तिथेच थांबायला हवं होतं. पण तिच्या मनात तो पाठमोरा माणूस होता, न ऐकलेली शिट्टी होती, विजेची वायर होती. “फक्त सोबत कुणीतरी देत जा हो त्यांना. ऐकू येत नाही ना. मशीनचं काम, काही झालं म्हणजे...”

“अस्सं?” हरीशशेठ म्हणाले आणि वायसर कागदात बांधायला लागले.

दोन महिन्यांनी टॉवेलचा दांडा बसवायचा होता. दुकानातून दुसराच माणूस आला. “म्हाताऱ्याला बंद केलं शेठनं,” तो म्हणाला. “बहिरा माणूस, कुठं शॉक बसला तर दुकानावर येईल म्हणले. गेला गावाकडं. काहून, काय काम होतं?”

राधिकाने मामांना फोन लावून पाहिला. रिंग वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला, आणि त्यांना रिंगच ऐकू जाणार नाही हे लक्षात येऊन तिने तो हळूच ठेवला. परमेश्वरला सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, तू चांगल्यासाठीच बोललीस.” ते तिलाही माहीत होतं. एकदा मुलीला कडेवर घेऊन ती साखऱ्याला निघालीसुद्धा. सेनगावच्या स्टँडवर पोरीचं अंग तापलं, तशीच मागे फिरली. मग एकेक कारण निघत गेलं. खरं कारण ती जाणून आहे. समोर उभं राहून काय सांगायचं?

गिझर हललेला नाही. मुलगी आता पाण्यात उभी राहते.

तुमच्यापैकी कुणी सेनगावकडून साखऱ्याला जाणार असाल, तर मेंढरं राखणाऱ्यांच्या वस्तीत नामाजीचं घर विचारा. बाहेरून हाक मारून उपयोग नाही. आत जा आणि त्यांना दिसाल असे उभे राहा. चूल पेटली आहे का बघा. हळू बोला, ओठ दिसू द्या. राधिकाचं नाव नाही काढलं तरी चालेल. जेवलात का, एवढं विचारा.