नारळाच्या दाढेतले किडे

सकाळची प्रार्थना धड संपतही नाही तोच गावातल्या पाहुण्यांच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. घराला भिंती नाहीत हे बरंच झालं. आत मावली नाहीत ती माणसं बाहेरून खांबांना टेकून माना लांब करत होती. मधोमध मोसे बसला होता. केसांना खोबरेल थापलेलं, गळ्यात शिंपल्यांची माळ. कालच्या बोटीने पलीकडच्या बेटावरून आलेला हा गडी म्हणे दातातला किडा मंत्राने बाहेर काढायचा.

त्याच्यापुढे लाकडी परातीत पाणी, पाण्यात मध्येच डोकं वर काढून बसलेला लालबुंद तापवलेला दगड. रोग्याने त्यावर तोंड उघडून वाकायचं, मोसे वरून चादर टाकणार, दगडावर चिमूटभर बी भिरकावणार. चर्रर्र आवाज, धूर, मंत्र. चादर उचलली की पाण्यावर पांढरे, वाकडे, दोऱ्यासारखे किडे तरंगताना दिसायचे. बघणाऱ्यांच्या अंगावर काटाच यायचा.

मोसेची जीभ दगडापेक्षा गरम. "हा बघा, बिस्किटं खाऊन कसा गुटगुटीत झालाय," तो काडीने एक किडा उचलून म्हणायचा. "आणि हा म्हातारा, याला कमी ऐकू येतं, म्हणून मंत्र मोठ्याने म्हणावा लागला." लोक हसायचे, आणि हसता हसता कोंबड्या, चटया, रताळ्यांच्या टोपल्या त्याच्या मागे रचून ठेवायचे.

खांबापाशी बसलेले लाफाएले आजोबा मात्र हसत नव्हते. त्यांची तीन वर्षांची नात लुपे त्यांच्या मांडीवर पडली होती. गाल टम्म फुगलेला, अंग तापलेलं. काल संध्याकाळी तिच्याही तोंडातून मोसेने किडे काढले होते. वाफेने तासभर बरं वाटलं असेल पोरीला, पण रात्री पुन्हा रडारड. आज सूज वर सरकत डोळ्याखाली आली होती.

आजोबांनी पहाटेच लेकीला, सेफीनाला, सांगितलं होतं की पोरीला दवाखान्यात नेऊ. पण मोसेने तिला बजावलं होतं की राणी किडा अजून आत आहे, तो रविवारी निघेल, त्याआधी दाताला दवाखान्यातलं लोखंड लागलं तर तो मेंदूत शिरेल. मग काय! सेफीना मोसेला द्यायला आईने विणलेली बारीक विणीची चटई घेऊन रविवारची वाट बघायला तयार.

"बाबा, मी माझ्या डोळ्यांनी किडे पाहिलेत," ती म्हणाली. "तुम्ही काय पाहिलंत?"

किडे तर आजोबांनीही पाहिले होते. लुपेचा श्वास गरम लागत होता आणि त्यांना मनातून भयंकर भीती वाटत होती. रविवार म्हणजे अजून चार दिवस. तोवर सूज कुठवर जाईल?

मग त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं. लुपेला त्यांनी सेफीनाच्या हवाली केलं, स्वयंपाकघराच्या मागे गेले, तोंडातली कवळी काढली आणि कमरेच्या लुंगीच्या गाठीत खोचली. ऑकलंडच्या मुलाकडे गेले होते तेव्हा बसवलेली ही कवळी त्यांच्या बायकोखेरीज गावात कुणाला ठाऊक नव्हती. घराण्याचा प्रमुख बोळका आहे हे कशाला कळायला हवं?

तोंड घट्ट मिटून ते परातीपुढे जाऊन बसले आणि बोटाने गाल दाखवला. एवढा मोठा मानकरी आलाय म्हटल्यावर मोसेची छाती फुगली. चादर पडली, बी पडली, मंत्राचा सूर चढला. चादर उचलली तर पाण्यात किडेच किडे.

"बघा, मागच्या दाढेत तीस वर्षं घर करून होते," मोसे गर्दीकडे वळून म्हणाला. "आता आजोबा ऊस सोलून खातील."

आजोबांनी तोंड उघडलं आणि हळूहळू चारी बाजूंना फिरवून दाखवलं. नुसत्या गुलाबी हिरड्या. मग गाठीतून कवळी काढून परातीशेजारी ठेवली. मग मागून कुणा बाईला हसू आवरेना, आणि तिच्यापाठोपाठ सगळं घर खदखदायला लागलं.

मोसे काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. दात गेले तरी किडे हिरडीत दडून बसतात, हे त्याने लगेच समजावून सांगितलं. काहींनी माना डोलावल्यासुद्धा. अशी माणसं प्रत्येक गावात असतातच.

आजोबांनी शांतपणे एक शहाळं मागवलं, परातीतलं पाणी बदलून दगड पुन्हा तापवायला लावला आणि मोसेच्या हातातली चादर घेऊन परातीवर धरलेल्या शहाळ्यावर पांघरली. बी मात्र सेफीनाला टाकायला सांगितली. मंत्र कुणीच म्हटला नाही. चादर उचलली, आणि पाण्यावर तेच पांढरे, वाकडे किडे.

सेफीना परातीवर वाकून किती तरी वेळ बघत राहिली. मग तिने मोसेच्या पुरचुंडीतली एक बी घेऊन नखाने सोलली. आत पांढरा, गोल मुडपलेला कोंब होता, अगदी पाण्यातल्या किड्यासारखा. गरम दगडावर पडली की बीचं साल फुटायचं, कोंब टुणकन उडून पाण्यात पडायचा. मंत्र असो की नसो, माणूस असो की शहाळं.

"हे किडे माझ्या पोरीच्या तोंडात कधी नव्हतेच," ती म्हणाली. मोसेकडे तिने पाहिलंही नाही. लुपेला उचललं आणि तशीच अनवाणी बसच्या रस्त्याला लागली. आजोबा मागून कवळी बसवत धावले. मोसेने दुपारची बोट गाठली. कोंबड्या ज्याच्या त्याला परत गेल्या.

दवाखान्यात दातांच्या नर्सबाई होत्या, वाइओला. त्यांनी लुपेची दाढ पाहिली, आत पू झाला होता. औषध दिलं, एक दाढ काढावी लागली, बाकीचे दात वाचतील म्हणाल्या. चार दिवस थांबला असतात तर मात्र पोरीच्या जिवावर बेतलं असतं, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग विचारलं की झोपताना ही काय पिते.

सेफीनाने आजोबांकडे पाहिलं. संध्याकाळच्या प्रार्थनेत लहानांनी चुळबुळ केलेली आजोबांना खपत नसे. म्हणून रोज त्या वेळी लुपेच्या तोंडात गोड कोकोची बाटली दिली जायची. स्तोत्रं संपेतो ती बाटलीसकट झोपलेली असायची. गावातल्या घराघरात हेच चालायचं.

"दुधाचे दात, ते पडणारच ना," आजोबा चाचरत म्हणाले.

"पडणार, पण सहा-सातव्या वर्षापासून पुढे. तोवर जेवायचं कशाने?" वाइओलाबाई म्हणाल्या. "साखर रात्रभर दातांवर बसते आणि त्यांना पोखरते. बाटलीत फक्त पाणी द्या. झोपण्याआधी मोठ्या माणसाने ब्रश करून द्यायचा, वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. आणि ब्रशनंतर काही खायचं नाही."

चार दिवसांनी ताप उतरला, सूजही उतरली, आणि संध्याकाळी सगळं घर प्रार्थनेला बसलं. लुपेला बाटलीत पाणी मिळालं. तिने एक घोट घेतला, बाटली फेकली आणि जे भोकाड पसरलं ते शेजारच्या तीन घरांत ऐकू गेलं. स्तोत्राचा पार बोऱ्या वाजला. पोरं घाबरून आजोबांकडे बघायला लागली, कारण प्रार्थनेनंतरचा उपदेश नेहमी त्यांचा असायचा, आणि त्यात कुणाचा तरी पाणउतारा ठरलेलाच.

आजोबांनी लुपेला मांडीवर घेतलं. ती त्यांना लाथा मारत होती.

"आज उपदेश मलाच आहे," ते म्हणाले. "मला शांतता हवी होती म्हणून या पोरीचे दात सडले. ते सडत होते तेव्हा मी डोळे मिटून देवाचे आभार मानत होतो. यापुढे कुणी चमत्कार दाखवला तर करून बघायचं, विचारायचं. मी सांगितलं तरी विचारायचं, मी रागावलो तरी. आणि या घरात रडणाऱ्या पोराला गप्प करायला कुणी साखर द्यायची नाही."

लुपे रडतच होती. सेफीना ब्रश घेऊन आली, आजोबांनी नातीचं डोकं हलकेच धरलं, आणि बाकीच्यांनी तिच्या रडण्याच्या वर आवाज काढत स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.