नमुन्यात होतं तेच

सोनूबाईंनी आधी हिराबाईंचा फोटो टेबलावर ठेवला, त्याच्याखाली हिराबाईंच्या सुनेचा, कमलचा, आणि शेवटी पदराने काच पुसून कमलच्या सुनेचा, म्हणजे स्वतःचा. खारदांड्याच्या मासळीबाजारात डावीकडचा पहिला ओटा या तिघींनी एकीमागून एक चालवला होता. चौथी, सोनूबाईंची सून रोशनी, समोर लॅपटॉप उघडून बसली होती. ती ओट्यावर एक दिवसही बसली नव्हती. पवईच्या एका कचेरीत साहेबलोकांची सादरीकरणे सजवून देणे हा तिचा रोजचा उद्योग.

"ह्याच क्रमानं लाव," सोनूबाई म्हणाल्या. "आणि हिराबाईंच्या नथीवर सावली यायला नको."

"नाही येणार, आई."

जुना बाजार पाडून नवा बांधायचा होता. त्याच्या दारावर एका ओट्याचे नाव कोरले जाणार होते, आणि ते कोणाचे हे उद्या सभागृहात हात वर करून ठरायचे होते. त्याआधी प्रत्येक घराने आपल्या पिढ्यांचे एक चित्र पडद्यावर दाखवायचे. समितीने भाड्याने मोठा पडदा आणला होता. काळा चष्मा लावला की त्यावरची माणसे उठून पुढे येत. त्यासाठी समितीने सर्वांना एकच टेम्प्लेट पाठवले होते: तीन राखाडी चौकटी, खाली नावांसाठी तीन ओळी. ते भरायचे, इंटरनेटवरच्या एका साइटवर चढवून थ्रीडी चित्रात बदलून घ्यायचे आणि आज पाचच्या आत धाडायचे. सोनूबाई अकरा वर्षे या दाराची वाट पाहत होत्या. पलीकडचा ओटा चालवणाऱ्या दत्ताराम नाखव्याच्या घरचेही तेवढीच वर्षे पाहत होते.

रोशनीने मोबाइलने तिन्ही फोटो टिपले आणि चौकटींत बसवले. नावे लिहिली. मग क्षणभर थांबून खाली बारीक अक्षरांत एक ओळ घातली: चौथी पिढी, रोशनी, लताची मुलगी.

सोनूबाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला.

"हे काय?"

"माझं नाव. पिढ्या दाखवायच्या आहेत ना."

"तू ओट्यावर बसलीस कधी? आणि लताचं नाव कशाला? लता माझ्या ओट्यामागं बसून करंदी सोलायची. शेरामागं पैसे घ्यायची. तिला हिराबाईंच्या पंगतीला बसवतेस?"

रोशनीची बोटे थांबली. एकोणीस वर्षांपूर्वी लग्नाची पत्रिका सोनूबाईंनीच छापून आणली होती. वराकडची अकरा नावे तीत होती. वधूच्या आईच्या जागी, 'श्रीमती' या शब्दापुढे, ठिपक्यांची एक ओळ तेवढी होती. लताला वाचता येत नव्हते. पण ठिपके म्हणजे अक्षरे नव्हेत, इतके तिला कळत होते. ती पत्रिका हातात धरून ओट्यापाशी गेली, तेव्हा गिऱ्हाइकाचे पापलेट कापता कापता, मान वर न करता सोनूबाई म्हणाल्या होत्या, "छापखान्याच्या नमुन्यात होतं तेच छापलंय." बाजार खदखदून हसला. त्या दिवसापासून ओट्यांवरच्या बायका रोशनीला ठिपकेवाली म्हणत. गेल्या वर्षी लता वारली, तेव्हा तिच्या पत्र्याच्या पेटीत दोन लुगडी आणि ती पत्रिका निघाली. ठिपक्यांवरचा कागद अंगठ्याने घासून घासून लवदार झाला होता.

"पुसते," रोशनी म्हणाली, आणि ती ओळ तिने पुसली.

पण सोनूबाईंचा संशय जागा झाला होता. "आणखी काय काय घुसडलंयस ह्यात?"

"काही नाही."

"मला नाही भरवसा. तू हात लावलेलं नकोच ते. समितीनं धाडलेली फाइल आहे ना? तीच चढव."

रोशनीने वर पाहिले. लॅपटॉपवर दोन फायली शेजारी शेजारी होत्या. टेम्प्लेट उघडले की त्याची प्रत उघडते. फोटो त्या प्रतीत बसले होते. समितीची मूळ फाइल आली होती तशीच कोरी होती. सोनूबाईंनी मात्र फोटो चौकटींत पडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. त्यांच्या लेखी ते समितीच्या फायलीतच होते.

"आई, समितीच्या फायलीत फोटो..."

"मला शिकवू नकोस. चाळीस वर्षं ओटा चालवलाय मी. समितीची चढव, आणि त्यातलं अक्षर बदलू नकोस."

"अक्षरसुद्धा नको?"

"अक्षरसुद्धा नको."

रोशनीने कोऱ्या फायलीवर बोट नेले. तिथे ते थोडा वेळ राहिले. सोनूबाईंनी टेबलावर बांगड्या आपटल्या, तशी तिने ती फाइल साइटवर सोडली. हिरवी पट्टी सरकत गेली. मग टपालाच्या तिकिटाएवढी दोन चित्रे शेजारी शेजारी उमटली.

"दोन दोन का दिसतात?" सोनूबाईंनी डोळे बारीक केले.

"एक डाव्या डोळ्याचं, एक उजव्या. उद्या चष्मा लावलात की एक होईल. मग सगळं नीट दिसेल."

"धाड."

रोशनीने धाडले. मग उठून तिने तिन्ही फोटो पुसले आणि भिंतीवर परत लावले, त्याच क्रमाने.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सभागृहाच्या खिडक्यांचे पडदे ओढले गेले. सोनूबाई हिरव्या लुगड्यात, नथ घालून, पहिल्या रांगेत मधोमध बसल्या. रोशनी त्यांच्या शेजारी. समितीचा चिटणीस निमेश यंत्रापाशी उभा होता. आधी दत्ताराम नाखव्याचे घर आले. त्याचा आजा पडद्यातून असा पुढे आला की मागच्या बायकांनी त्याच्या पागोट्याला हात लावायला बोटे पुढे केली. टाळ्या पडल्या. सोनूबाईंनी वाजवल्या नाहीत.

"आता डावीकडचा पहिला ओटा," निमेशने पुकारले.

तीन राखाडी चौकटी अंधारातून पुढे आल्या. अगदी हाताशी येऊन थांबल्या. पहिलीत लिहिले होते, येथे छायाचित्र ठेवा. दुसरीत तेच. तिसरीतही. खाली तीनदा, येथे नाव लिहा. चौकटींच्या आतला रिकामेपणा विहिरीसारखा खोल दिसत होता.

मागून एक बारीक आवाज आला, "सोनूबाय, तुजी सासू आज बाजारान नाय आली काय गो?"

"बोहनी व्हायची हाय तिची," दुसरी म्हणाली.

सभागृह हसले. एकोणीस वर्षांपूर्वी हसले होते तसेच, त्यातल्या बऱ्याच जणी त्याच.

"निमेश," सोनूबाईंचा आवाज चढला, "दुसरी लाव."

"दुसरी नाही, काकी. तुमच्याकडून हीच आली. पाचनंतरची घेता येत नाही, सगळ्यांना तोच नियम." त्याने पुढचे चित्र लावले.

थोड्या वेळाने हात वर झाले. नाखव्याच्या नावाला किती, ते मोजायची गरज पडली नाही. डावीकडच्या पहिल्या ओट्यासाठी एकच हात वर झाला. तो सोनूबाईंचा नव्हता, रोशनीचा होता. ताठ, सगळ्यांना दिसेल असा.

सोनूबाईंनी तो पाहिला. चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला. त्यांची नथ हलत होती.

"तू केलंस हे."

"नमुन्यात होतं तेच आलंय, आई. अक्षर बदलू नको म्हणालात."

हे ती अगदी हळू म्हणाली. मागच्या रांगेलाही ऐकू गेले नाही. मग तिने पिशवीतून एक जुनी पत्रिका काढली आणि सोनूबाईंच्या मांडीवर, काळ्या चष्म्याशेजारी, उघडून ठेवली. सोनूबाईंचा वाचायचा चष्मा घरी होता. त्यांनी कागद जवळ नेला, दूर धरला, आणि शेवटी अंगठा ओळीओळीवरून फिरवला. एका जागी कागद लवदार लागला, तिथे तो थांबला.

पडदे उघडले. बायका पेढे घ्यायला नाखव्याच्या घरच्यांकडे निघाल्या. रोशनीने सासूला उठवायला नेहमीसारखा हात पुढे केला.

"पत्रिका राहू द्या तुमच्याकडेच," ती म्हणाली. "मला आता नको."