दाराआडून आलेली ओ

“आधी विचारायचं, कोण हाय. नुसती ओ आली म्हणून कडी काढायची न्हाई, समजलं का?”

कामाला निघताना आई रोज हे बजावायची. घाटकोपरच्या डोंगरावरची खोली, आत शाळेतून आलेली एकटी नीलम, आणि पत्र्याच्या दारापलीकडे पायऱ्या उतरत जाणारा आईचा आवाज. पुढे नीलम नोकरीला लागली, आणि गेल्या वर्षी आई गेली. आवाज मात्र उरला होता, एकाच ठिकाणी.

अंधेरीतल्या नीलमच्या ऑफिसात बायकांच्या ओव्या फोनवरून गोळा होत. त्यासाठीचा नंबर सुरू झाला तेव्हा पहिला फोन आईनेच लावला होता. “लेकीच्या मशीनला कान हाईत का बघू,” म्हणाली आणि गायली:

सांज झाली बाई, दारी कुनाची चाहूल
वळखल्याबिगर गं, नगं टाकूस पाऊल

त्या ओवीची दुसरी प्रत नव्हती. कशाचीच नव्हती. प्रती काढायचं काम ऑफिसच्या प्रमुखांनी, देवदत्त सरांनी, ‘लाँच होऊ दे, मग बघू’ म्हणून पुढे ढकललेलं.

त्या सकाळी नीलम ऑफिसात आली, तर तिच्या मशीनपुढे प्रांजल बसलेला. नवा पोरगा, एरवी तोंडाला कुलूप नसलेला. आज नुसता स्क्रीनकडे बघत होता.

“काय रे, भूत पाहिलंस?”

“ताई, वाट लागली. ओव्या गेल्या. सगळ्या.”

“टेस्टच्या ना?”

“खऱ्या.”

नीलमने खुर्चीची पाठ धरली.

रोज सकाळी या मशीनवर एक स्क्रिप्ट, म्हणजे ठरलेल्या आज्ञांची यादी, चालवायची. ती चाचणीचा सर्व्हर, म्हणजे ओव्या हाताळणारा प्रोग्रॅम, सुरू करी, तो जागा होईस्तोवर अर्धा मिनिट थांबे, मग चाचणीच्या जुन्या ओव्या पुसून नमुन्याच्या भरी. ते थांबणं प्रांजलला सोसेना. “तेवढ्यात माझं लग्न ठरेल, ताई,” म्हणत त्याने स्क्रिप्ट बदलली. आता ती सर्व्हरचं दार ठोठावत राही आणि उत्तर आलं की लगेच पुढच्या कामाला लागे. नीलमच म्हणाली होती, झकास.

“आज ठोठावलं नि लगेच उत्तर,” प्रांजल सांगत होता. “मी म्हटलं, काय स्पीड आहे यार! पण नवा सर्व्हर उठलाच नव्हता गं. त्याची जागा आधीच अडवलेली. कुठलातरी जुना सर्व्हर चालू राहिला होता, तोही खऱ्या ओव्यांच्या साठ्याला जोडलेला. ओ त्याने दिली. आणि स्क्रिप्टने पुसून टाकलं सगळं, त्याच्यातलं.”

नीलमने हेडफोन कानाला लावले. यादीत सगळ्यात वर आईचं नाव असायचं, कमल. बोट सवयीने तिथेच गेलं, दाबलंही.

“हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग,” कानात प्रांजल खिदळला. नमुन्याची ओवी.

तिने हेडफोन काढले. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

“पण जोडला कुणी?” प्रांजलचा आवाज फाटला. “आपल्या मशीनवरून खऱ्या साठ्याला हात लावायचाच नाही, सरांनी किती वेळा सांगितलंय. की मीच काल काहीतरी दाबलं? मीच असणार. स्क्रिप्ट माझीच ना. काढतील तर काढू देत.”

त्याने फोन लावलाही. पलीकडून सरांचं “बोल रे” ऐकू आलं. “सर, ते...” प्रांजल अडखळला.

नीलमने त्याच्या हातातून फोन घेतला. “सर,” ती म्हणाली.

“हॅलो?” सर म्हणाले. “कोण आहे?”

“मी, नीलम. सर, प्रांजलने काही केलेलं नाही. सर्व्हर मी जोडला होता. तुम्ही सगळे गेलात की मी रोज जोडते. आई ऐकायला. काल बंद करायचा राहिला.”