कोपऱ्यातला पांढरा ठिपका

मित्रांनो, माझे काम झाकण्याचे. मी जाड काळ्या पुठ्ठ्याचा एक जुना काटकोन आहे. सुताराचा गुण्या तुम्ही पाहिला असेल, तसाच; फक्त माझे दोन्ही हात रुंद आहेत. मला एक जुळा भाऊ आहे. आम्हा दोघांना फोटोवर समोरासमोर ठेवले की मध्ये खिडकी तयार होते. आम्हाला सरकवले की ती लहान-मोठी होते. खिडकीत आले ते राहिले, आमच्याखाली गेले ते गेले. फोटो कुठे कापावा हे ठरवायची ही जुनी रीत.

एका दातांच्या डॉक्टरांनी आम्हाला अल्बमच्या मागच्या पुठ्ठ्यातून कापले. कापायचे पाते माझ्या कडेने फिरले, तेव्हाची भीती अजून अंगात आहे. पात्याच्या एका बाजूला मी होतो आणि दुसऱ्या बाजूला कचरा. हात केसभर हलला असता तर मीही टोपलीत गेलो असतो.

डॉक्टरांना फोटोंचा नाद. रविवारी दवाखाना बंद असे, तेव्हा बाहेरच्या खोलीत त्यांचे मित्र आपापले फोटो घेऊन जमत. एरवी तिथे पेशंट गाल धरून बसत, त्यामुळे त्या खोलीतल्या खुर्च्यांनाही भीतीची सवय होती. कुणी पानांचे, पाखरांचे फोटो आणी, कुणी काच, सावली, भिंतीवरचे पोपडे. मधल्या टेबलावर एकेक फोटो ठेवला जाई. आधी काय दिसते ते सांगायचे, मग काय वाटते ते, आणि सुधारणा सगळ्यात शेवटी, असा नियम डॉक्टरांनीच घातला होता. ज्याचा फोटो असेल त्याने मात्र गप्प बसायचे. कुणी बोलू लागलाच तर डॉक्टर म्हणत, “तोंड उघडायची खुर्ची आत आहे!” आणि सगळे हसत.

ते माझे सुखाचे दिवस होते. माझ्याखालून गेलेले फोटो बक्षिसे आणत. “डॉक्टरांचा काटकोन म्हणजे परीस आहे,” असे औषधांच्या दुकानाचे काका म्हणत आणि मी फुगून जाई.

पण नाव झाले तशी घाईही वाढली. फोटो टेबलावर येतो न येतो तोच डॉक्टरांचा हात ड्रॉवरकडे जाऊ लागला. काय दिसते हे विचारणे मागे पडले, काय कापायचे एवढेच उरले. दात काढताना ते भूल देत. दोष काढताना देत नसत. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी खिडकीच्या काचेवर साचलेल्या वाफेचा फोटो आणला होता. डॉक्टरांनी आम्हाला त्यावर टेकवले, कोपऱ्यातला हाताचा अर्धवट ठसा तेवढा खिडकीत ठेवला आणि म्हणाले, “एवढाच फोटो. बाकीची अडगळ.” बाईंनी फोटो पालथा करून पिशवीत घातला. त्या येत राहिल्या, पण दाराजवळ बसू लागल्या. कुठलाही फोटो पुढे आला की म्हणत, “छान आहे.” हळूहळू सगळेच ‘छान आहे’ म्हणू लागले. डॉक्टरांचे बोलणे बोचायचे आणि बाकीच्यांचे पोकळ असायचे. त्या दोन्हींच्या मध्ये पडून राहायची मला धास्ती वाटू लागली.

अशाच एका रविवारी त्या मित्रांपैकीच एक, ठेकेदार, आले. इमारती बांधणारा हा धिप्पाड माणूस, हसला की खिडकीची तावदाने थरथरत. त्या दिवशी ते पायऱ्या चढतानाच ओरडले, “डॉक्टर, आज काटकोन कुलपात ठेवा! कापायला जागाच ठेवली नाहीये मी.”

त्यांनी आदल्या दुपारी काढलेला मोठा फोटो टेबलावर ठेवला. त्यांच्या नव्या बांधकामामागच्या झुडपात एक घरटे होते, वाटीएवढे. त्यात तीन पिल्ले चोची वासून बसली होती. काठावर आई दोन्ही पंख पसरून उभी होती. मागे मोकळे आकाश, आड एक पानही नाही. फोटोला नाव दिले होते ‘मायेचे छत्र’. संध्याकाळी तो स्पर्धेला जायचा होता.

“अहाहा!” काका म्हणाले. “पिल्लं मागतायत आणि आई कवेत घेतेय. डोळ्यांत पाणी आलं बघा.”

“छान आहे,” दोघातिघांनी री ओढली.

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर काढले. “फोटो झकास आहे. फक्त डाव्या कोपऱ्यात हा पांढरा ठिपका आहे ना, तो खटकतो. नजर तिकडेच जाते.” असे म्हणून त्यांनी मला त्या कोपऱ्यावर ठेवले. “हे कापा. बक्षीस तुमचंच.”

मित्रांनो, मी त्या ठिपक्यावर पालथा पडलो होतो. इतक्या जवळून तो काय आहे हे मला दिसत होते. ती छाटून काढलेल्या डहाळीची ओली, पांढरी खूण होती. तिच्या खाली आणखी एक होती. घरट्यावरचा पाला कुणीतरी नुकताच कापला होता, आणि ते मी झाकत होतो! मला तोंड नाही. टेबलावर उन्हाची एक तिरीप पडली होती, ती सरकत माझ्या कडेला लागली. तिचा चटका मला बसला. त्या झुडपातही हेच ऊन चढत असणार. मी भीतीने आतल्या आत आक्रसलो. फोटो आता उचलला जाईल, कापला जाईल, आणि मग ते कुणालाच कधी कळणार नाही.

“बाई, तुमचं?” डॉक्टरांनी सवयीने विचारले.

“छान...” बाई म्हणाल्या आणि थांबल्या. मग खुर्ची मागे सारून टेबलापाशी आल्या. त्यांनी दोन बोटांनी मला उचलले. “डॉक्टर, हा ठिपका कापू नका. आधी तो काय आहे ते बघू या.”

“काय असणार? ठिपका आहे.”

“डहाळीचं टोक आहे. ताजं कापलेलं. हे आणखी एक.” त्या ठेकेदारांकडे वळल्या. “भाऊ, आडवी येणारी पानं तुम्ही छाटलीत का?”

“बाई, नियम!” डॉक्टर म्हणाले. “ज्याचा फोटो तो गप्प.”

“मग सगळाच नियम पाळू या, आधी काय दिसतं ते. पाखरं उन्हात आहेत, डॉक्टर. पिल्लांच्या अंगावर कशाचीच सावली नाही, फक्त आईच्या पंखांची.” त्यांनी फोटो डॉक्टरांपुढे सरकवला. “हे माझं मत नाही. फोटोत दिसतंय तेवढंच मी सांगतेय.”

डॉक्टर रागावतील, मला हिसकावून घेतील, असे मला वाटले. पण त्यांनी खिशातून भिंग काढले आणि पिल्लांच्या चोचींवर धरले. बराच वेळ ते वाकून राहिले.

“जन्मभर मी उघडी तोंडंच बघत आलोय,” ते हळूच म्हणाले. “ही मागत नाहीयेत. तिघांचीही मान आईकडे नाही. ही धापा टाकतायत.”

ठेकेदारांचा चेहरा पांढराफटक पडला. “दोनच डहाळ्या हो... नीट दिसावं म्हणून. मला वाटलं, पंख पसरतेय म्हणजे माया करतेय.”

“मायाच करतेय,” बाई म्हणाल्या. “पण ती जागची हलली तर पिल्लं भाजतील आणि हलली नाही तर उपाशी राहतील. चला आता, बोलत काय बसलाय?”

सगळे ठेकेदारांच्या गाडीत कोंबून बसले. आम्ही दोघे बाईंच्या मुठीत तसेच राहिलो होतो. वाटेत ठेकेदार मधूनमधून म्हणत, “असतील ना हो? असतील ना?”

आई तिथेच होती, पंख पसरून. माणसे पाहून ती उडाली. ठेकेदारांनी शिडी लावली आणि पालवीची एक फांदी घरट्यावर सुतळीने बांधली. “पानं कोमेजतील हो,” काका खालून म्हणाले. तेव्हा बाईंनी आम्हा दोघांना मधली खिडकी मिटेल असे एकावर एक ठेवून वर दिले. पानांच्या वर, एक हात राखून, आम्हाला बांधले गेले. मग सगळे लांब भिंतीआड जाऊन बसले.

इतका घाबरलो मी कधीच नव्हतो. माझ्या पोटाखाली तीन पिल्ले होती. दोन धापा टाकत होती. तिसऱ्याची मान काठावर लोंबत होती आणि त्याच्याकडे पाहायचे धैर्य मला होत नव्हते. आई परत आली, माझे काळे अंग पाहून दचकली आणि उडून गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. मी आहे म्हणूनच ती येत नसेल तर? ऊन माझ्या पाठीवर तापत होते. वारा आला आणि सुतळी करकरली.

मग ती काठावर उतरली. तिने पंख उघडले, क्षणभर थांबली, आणि मिटून घेतले. सावली होती. ती भुर्रकन उडाली ती चोचीत अळी घेऊनच परतली. एका पिल्लाने मान वर केली, मग दुसऱ्याने. तिसऱ्याने केली नाही.

भिंतीआड ठेकेदार रुमालात तोंड खुपसून बसले होते. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “दोन आहेत, भाऊ. दोन आहेत.”

फोटो स्पर्धेला गेला नाही. पिल्ले उडाल्यावर ठेकेदार आम्हाला सोडवून घेऊन आले. दवाने मी वाकडा झालो आहे, माझ्याने आता सरळ खिडकी होत नाही. तरी डॉक्टरांनी मला टाकले नाही. तो फोटो त्यांनी न कापता भिंतीवर लावला आहे, ठिपक्यासकट.

मित्रांनो, तुमचा सोबती मोठ्या आशेने आपले चित्र तुमच्यापुढे ठेवतो, तेव्हा ‘छान आहे’ म्हणून सुटू नका आणि पाते उचलायची घाईही करू नका. आधी बघा, कडेपर्यंत बघा. जे खटकते तेच काही सांगत असेल.

हल्लीही डॉक्टरांचा हात ड्रॉवरकडे आला की मी भावाला आणखी बिलगतो. पण हात मध्येच थांबतो आणि आवाज येतो, “बाई, काय दिसतंय?” माझ्या पाठीवर त्या आईच्या शिटेचा एक पांढरा ठिपका वाळून बसला आहे. काकांनी एकदा तो ओल्या फडक्याने पुसायला घेतला होता.

“राहू द्या,” डॉक्टर म्हणाले. “खटकू दे.”